भाग ३८ : जुनी कॅम्पर गाडी घेताना काय बघायचं? (सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा!)

(ज्यांना कानात इयरफोन घालून ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलताना घेतलेले 'अं', 'म्हणजे' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.)

००:०० सुरुवात

बाहेर पाऊस धो धो पडतोय, त्यामुळे मागे पत्र्यावरचा आवाज येत असेल तर सांभाळून घ्या. महाडात जुलैमध्ये शांतता मागणं म्हणजे जरा जास्तच झालं.

आजचा विषय एका व्हॉइस नोटवरून आला. आपला एक श्रोता मूळचा पोलादपूरचा, सध्या अमेरिकेत नोकरीला. त्याने विचारलं, "दादा, इथे लोक जुने फिफ्थ व्हील ट्रेलर घेतात, आत बेडरूम, किचन, बाथरूम सगळं. मी इथे एखादा घ्यावा का? आणि गावी परत आलो तर तिकडे असं काही मिळेल का?"

हा प्रश्न मला जवळचा वाटला, कारण मागच्या वर्षी माझा आतेभाऊ आणि मी अशाच नादाला लागलो होतो. त्याने एमआयडीसीतल्या कंपनीत आठ वर्षं शिफ्ट करून पैसे साठवलेले. डोक्यात एकच होतं, झोपायची सोय असलेली गाडी घ्यायची आणि रायगड, शिवथरघळ, उमरठ, महाबळेश्वर असं फिरायचं. पुढे जमलं तर पाहुण्यांनाही फिरवायचं. त्या व्यवहारात आम्ही काय चुकलो आणि थोडक्यात कसे वाचलो, ते आज सांगतो. पैसे किती गेले तेही सांगतो, लपवायचं काही नाही.

०२:१५ फिफ्थ व्हील म्हणजे नक्की काय?

नाव ऐकून वाटतं पाचवं चाक, म्हणजे स्टेपनी असेल. तसं नाही. हे नाव घोडागाडीच्या काळातलं आहे. चार चाकांच्या बग्गीत पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवी गोल चकती बसवायचे. ती चाकासारखी दिसायची म्हणून पाचवं चाक.

तुम्ही ही वस्तू रोज बघता. हायवेवर कंटेनर घेऊन जाणारा लांब ट्रेलर आठवा. पुढचं इंजिनवालं डोकं, ज्याला आपले ड्रायव्हर 'घोडा' म्हणतात, त्याच्या पाठीवर ग्रीसने माखलेली एक जाड लोखंडी प्लेट असते. ट्रेलरच्या खालून एक पिन येते आणि त्या प्लेटमध्ये अडकते. ती प्लेट म्हणजे फिफ्थ व्हील आणि ती पिन म्हणजे किंग पिन. अमेरिकेत हेच तंत्र लहान करून पिकअप गाडीच्या हौद्यात बसवतात आणि मागे चाकांवरचं घर ओढतात.

याचा फायदा काय? साधा कॅरॅव्हॅन ट्रेलर गाडीच्या मागच्या बंपरखालच्या गोळ्याला, म्हणजे हूकला जोडतात. तो भार गाडीच्या शेपटीवर येतो. फिफ्थ व्हीलचा भार थेट मागच्या आसावर येतो, त्यामुळे ट्रेलर मागे कमी डुलतो. म्हणून तिकडे मोठी, जड घरं याच पद्धतीने ओढतात.

०४:३० मग आपल्याकडे का नाही?

सरळ सांगतो, महाड-पोलादपूरमध्ये वापरलेला फिफ्थ व्हील कॅम्पर शोधायला जाऊ नका. आणि अमेरिकेतला इकडे आणायचं स्वप्नही सोडा. कारणं ऐका.

एक, आकार. हे ट्रेलर साधारण साडेआठ फूट रुंद, लांबी सहज तीस फुटांच्या पुढे, त्यात ओढणारी पिकअप वेगळी. आंबेनळी घाटातल्या वळणावर एसटी आणि ट्रक समोरासमोर आले की काय होतं ते आपण बघितलंय. तिथे हा वळणार कसा? ट्रेलरची मागची चाकं वळताना पुढच्या गाडीच्या मागोमाग जात नाहीत, आतून कापत जातात. आत डोंगर असेल तर पत्रा घासणार, आत दरी असेल तर बोलायलाच नको.

दोन, दरवाजा. अमेरिकेत गाडी उजव्या बाजूने चालते, म्हणून घराचा दरवाजा उजवीकडे. आपल्याकडे तो दरवाजा रस्त्याच्या मधोमध उघडणार. पोरगं खाली उतरलं की थेट ट्रॅफिकमध्ये.

तीन, वीज. तिकडची घरगुती विजेवरची उपकरणं १२० व्होल्टवर, आपल्याकडे २३० व्होल्ट.

आणि चौथं, ओढायला तेवढी दणकट पिकअप लागते, तिच्या हौद्यात तो जोड बसवायला लागतो, आणि हे सगळं आपल्या आरटीओत नोंदवायला लागतं.

तर आपल्या हातात काय उरतं? तीन गोष्टी. पहिली, हूकला जोडायचा लहान कॅरॅव्हॅन ट्रेलर. दुसरी, कंपनीकडून किंवा मान्यता घेतलेल्या बॉडीवाल्याकडून बनलेली मोटर कॅरॅव्हॅन. तिसरी, आणि बाजारात सगळ्यात जास्त मिळणारी, म्हणजे कुणीतरी जुन्या ट्रॅव्हलरच्या सीट काढून आत बेड, ओटा, टाकी बसवलेली गाडी. आम्ही तिसरीच्या मागे लागलो होतो.

०७:०० आमची गोष्ट

व्हॉट्सॲपवर फोटो आले. ट्रॅव्हलर, आतून लाकडी पॅनल, पिवळे दिवे, छोटं बेसिन. किंमत साडेसात लाख. विकणारा म्हणाला, "गाडी पुण्याची आहे, घाटावरची. पाणी बघितलेलंच नाही. उद्या दुसरी पार्टी येतेय." आतेभावाने त्याच रात्री दहा हजार रुपये टोकन पाठवलं. गाडी न बघता! मी त्याला ओरडलो खरं, पण खोटं कशाला बोलू, फोटो बघून मीही हुरळलो होतो.

रविवारी गाडी बघायला गेलो. बरोबर आमच्या ओळखीचे गॅरेजवाले काका. गाडी चकाचक. काका काही बोलले नाहीत. त्यांनी ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरला आणि हळूहळू शेवटपर्यंत ओढला. रोजच्या वापरात जेवढा बाहेर येतो तेवढा पट्टा स्वच्छ होता. त्याच्या पुढचा, जो कायम गुंडाळीत आत असतो, तो तपकिरी. हाताला बारीक माती लागली. काका एवढंच म्हणाले, "घाटावर एवढा गाळ कुठून आला रे?"

२२ जुलै २०२१ आठवतो ना? सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, त्याच दिवशी वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं. त्याच दिवशी तळियेला दरड कोसळली, पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत दरडी आल्या. त्या आठवड्यात आपल्या भागात किती गाड्या पाण्याखाली होत्या हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. त्यातल्या बऱ्याच दुरुस्त झाल्या, विकल्या गेल्या आणि आजही फिरतायत. पुरातली गाडी विकणं हा गुन्हा आहे असं मी म्हणत नाही. खरं सांगून, त्या किमतीत विकली तर ठीक. लपवून विकणं ही फसवणूक.

मग आम्ही कागद नीट बघितले. आरसीवर नंबर पुण्याचा होता, एमएच १२, पण मालक दुसरा आणि २०२० पासूनचा पत्ता कोकणातला, नदीकाठच्या गावाचा. म्हणजे "गाडी पुण्याची" हे अर्धं खरं होतं. आम्ही व्यवहार सोडला. टोकन परत मिळालं नाही. दहा हजार गेले, पण साडेसात लाख वाचले. आतेभाऊ परतीच्या वाटेवर तासभर एक शब्द बोलला नाही.

१०:२० पाणी : बाहेरून आलेलं आणि वरून गळलेलं

आता मुद्द्यावर. गाडी कुठलीही असो, इकडे कोकणात पहिली तपासणी पाण्याची.

पुराच्या पाण्यासाठी काय बघायचं? सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. सीटच्या पट्ट्या जिथे फरशीला बोल्टने बसतात तिथले बोल्ट बघा, गंजलेत का, की नुकतेच बदललेत? हेडलाइटच्या काचेच्या आत पाण्याची रेघ किंवा धूळ बसलेली आहे का? स्टेपनीच्या जागेत आणि डॅशबोर्डच्या खाली मोबाइलचा टॉर्च मारा, गाळाचा थर कोपऱ्यात राहतोच. फ्यूज बॉक्स उघडा, पिनांवर हिरवी-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर समजा. आणि गाडीत बसल्याबरोबर परफ्यूमचा भपका आला तर विचारा, कशाचा वास लपवताय?

एक कागदी खूणही आहे. मालकाकडे मागच्या चार-पाच वर्षांच्या विमा पॉलिसी मागा. ज्या वर्षी क्लेम होत नाही त्याच्या पुढच्या पॉलिसीत नो क्लेम बोनस मिळतो, २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांपर्यंत. २०२१ च्या पुरानंतर तो एकदम शून्य झालेला दिसला तर विचारायला जागा आहे. मात्र लगेच निष्कर्ष काढू नका. मालक बदलला किंवा फक्त थर्ड पार्टी विमा असला तरी बोनस दिसत नाही.

आता गळणारं पाणी. कॅम्पर गाडीचा खरा शत्रू हाच. आत सगळं प्लायवूड, त्यावर लॅमिनेट. वरून चकचकीत, आतून कुजलेलं. छताला जिथे जिथे भोक पाडलंय, म्हणजे पंखा, एसी, सोलर पॅनल, मागचा दिवा, तिथे आतून हात लावून बघा. भिंतीवर अंगठ्याने दाबा, मऊ लागलं की गेलं. रुपयाच्या नाण्याने ठोका, आवाज ठणठणीत हवा, भद्द नको. बेडखालची कपाटं रिकामी करायला लावा आणि कोपरे बघा. नुकतंच लावलेलं सिलिकॉन किंवा फक्त एकाच पट्टीवर नवा रंग दिसला तर त्याच्या खाली काहीतरी आहे.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे गाडी पावसाळ्यात बघा. मे महिन्यात सगळ्याच गाड्या कोरड्या असतात. पावसाळा नसेल तर पाइपने छतावर अर्धा तास पाणी मारा आणि आत बसून राहा. विकणारा नको म्हणाला तर आपणही नको म्हणायचं.

१३:४० लोखंड : चेसिस, पाटे, टायर

गाडी समुद्रकाठच्या गावातली असेल, म्हणजे श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मुरूड वगैरे, तर खारी हवा चेसिस खाते. गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घ्या आणि खाली झोपा. कपडे खराब होतील, होऊ द्या. चेसिसच्या लांब पट्ट्यांवर स्क्रू ड्रायव्हरच्या मागच्या टोकाने ठोका. वरवरचा गंज चालतो, पापुद्रे सुटत असतील तर नाही. खालून सगळीकडे नवा काळा रंग मारला असेल तर तो गंज झाकायला मारलाय का हे बघा. वेल्डिंगचे जोड, पाट्यांच्या पकडी, पाट्यांमधलं एखादं पान तुटलंय का, हे मेस्त्रीला बघू द्या.

टायर. कॅम्पर गाड्या वर्षातले दहा महिने उभ्या असतात. त्यामुळे टायरची नक्षी नवी दिसते, पण रबर म्हातारं झालेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. समजा २३१९ लिहिलंय, तर तो टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलाय. सहा वर्षांच्या पुढचा टायर असेल आणि बाजूला बारीक भेगा असतील तर नव्या सेटची किंमत व्यवहारातून वजा करा. स्टेपनीही त्यात धरा.

ट्रेलर घेत असाल तर जोड बघा. हूकचा कप झिजलाय का, लॉक पूर्ण बसतो का, सेफ्टीची साखळी आहे का, ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत का आणि चालतात का. ट्रेलरच्या दिव्यांची वायर जोडून इंडिकेटर, ब्रेक लाइट लावून बघा.

१६:१० वजन, आणि आपला घाट

हा मुद्दा लोक सगळ्यात जास्त विसरतात. आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन, दोन्ही लिहिलेलं असतं. कंपनीने गाडी बनवली तेव्हा आत सीट होत्या. नंतर कुणीतरी १८ मिलिमीटरचं प्लाय, ग्रॅनाइटचा ओटा, दोन बॅटऱ्या, फ्रिज, टाकी टाकली. ते सगळं वजन कुणी मोजलंय का? पाणी एक लिटर म्हणजे एक किलो. शंभर लिटरची टाकी भरली की गाडीत दीड माणूस वाढला, आणि टाकी एका बाजूला असेल तर तो दीड माणूस कायम एकाच बाजूला बसलाय.

म्हणून गाडी घ्यायच्या आधी वजनकाट्यावर न्या. हायवेवर आणि एमआयडीसीच्या आसपास धर्मकाटे आहेत. टाकी भरलेली, सामान आत, अशा अवस्थेत वजन करा. त्यात घरच्या चार माणसांचं वजन मिळवा आणि आरसीवरच्या आकड्याशी ताडून बघा.

मग घाट. पोलादपूरहून महाबळेश्वर साधारण चाळीस किलोमीटर, आणि वर चढायचं साधारण तेराशे मीटर. चढताना इंजिन गरम होतं, ते काटा दाखवतो. पण गाडीची खरी परीक्षा उतरताना होते. जास्त वजनाची गाडी सतत ब्रेकवर उतरवली की ब्रेक तापतात आणि एका टप्प्यावर पाय खाली जातो पण गाडी थांबत नाही. म्हणून ट्रायल मैदानात घेऊ नका, बाजारपेठेत तर अजिबात नको. घाटात थोडं वर जा, चढावर उभी करून हँडब्रेक लावा आणि बघा सरकते का. मग दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. खाली आल्यावर चारही चाकांजवळ जाऊन वास घ्या. जळका वास येत असेल, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर ब्रेक उघडून बघायला सांगा. आणि उतरताना आतल्या कपाटाचे दरवाजे उघडून भांडी बाहेर आली तर फिटिंग कसं केलंय तेही कळलं!

१९:०० गॅस आणि वीज

इथे थट्टा नाही. बंद डब्यात आपण झोपणार आहोत.

आपला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, खाली फरशीवर साठतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खालच्या बाजूला बाहेर उघडणारी जाळी हवी आणि तो कप्पा झोपायच्या जागेपासून बंद हवा. रबरी नळीवर तारीख असते, ती बघा. जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले की गळती. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर आत बांधलेला दिसला तर बनवणाऱ्याने नियम आणि अक्कल, दोन्ही बाजूला ठेवलंय. आणि बाहेर कितीही थंडी असो, शेगडी किंवा कोळसा पेटवून खिडक्या बंद करून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही.

विजेचं म्हणाल तर प्रत्येक लाइनला फ्यूज आहे का, बॅटरीजवळ मुख्य फ्यूज आहे का, वायरी पत्र्याच्या धारेवरून नुसत्या गेल्यात की नळीतून, हे बघा. बाहेरून २३० व्होल्ट घ्यायची सोय असेल तर शॉक लागताच वीज तोडणारा ब्रेकर हवाच. ओल्या पत्र्याची गाडी, अनवाणी पाय आणि पाऊस, एवढं पुरेसं असतं.

२१:१५ कागद : इथेच बहुतेक जण फसतात

गाडी आवडली तरी टोकन देण्याआधी मोबाइलवर एम-परिवहन ॲप उघडा आणि नंबर टाका. आरसीवरच्या गोष्टी त्याच्याशी जुळवा.

पहिलं बघायचं ते वाहनाचा वर्ग. परिवहनच्या यादीत मोटर कॅरॅव्हॅन आणि कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर असे वेगळे वर्ग आहेत. मोटर कॅरॅव्हॅन कशी असावी याचं एआयएस-१२४ नावाचं मानकही आहे. तुमच्या समोरची गाडी आत घरासारखी असेल आणि आरसीवर बारा सीटची बस लिहिलेली असेल, तर ती बदललेली गाडी कागदावर बदललेली नाही. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असे बदल मनाने करता येत नाहीत. कंपनीच्या मूळ रचनेला धक्का लावणारे बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. दंड एकवेळ भराल, पण अपघात झाला आणि विमा कंपनीने "ही गाडी आम्ही विमा उतरवलेली गाडीच नाही" म्हटलं तर काय कराल?

दुसरं, चेसिस नंबर. आरसीवरचा आणि गाडीवर कोरलेला, दोन्ही स्वतःच्या डोळ्याने जुळवा. कागद ठेवून पेन्सिल घासली की छाप उमटते.

तिसरं, कर्ज. आरसीवर बँकेचं किंवा फायनान्सचं नाव असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ शिवाय पैसे देऊ नका.

चौथं, नंबर प्लेटचा रंग. पिवळी असेल तर ती व्यावसायिक गाडी, तिला फिटनेस आणि परमिट लागतं. पांढरी असेल तर घरच्यांना फिरवा, पण भाडं घेऊन पाहुणे फिरवता येणार नाहीत. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय खरं, पण त्याचा अर्थ कुणीही पांढऱ्या प्लेटवर धंदा करावा असा होत नाही. आतेभावाला हे समजावायला मला दोन रविवार लागले.

पाचवं, वय. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर पुन्हा पासिंग, पुढे पाच-पाच वर्षांसाठी, शिवाय हरित कर. गाडी तेरा-चौदा वर्षांची असेल तर तो खर्च आत्ताच किमतीत धरा. ई-चलान किती थकलेत तेही बघा.

सहावं, ट्रेलरची नोंदणी वेगळी असते. त्याला स्वतःचा नंबर, स्वतःचे कागद. "ट्रेलरला कागद लागत नाहीत हो" असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून निघा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नाव चढवणं. फॉर्म २९ आणि ३०. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा. आपली रायगडची गाडी, एमएच ०६, म्हणजे पेणला. लांब पडतं, मान्य. पण कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन "नंतर करू" म्हणू नका. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण होतं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे विकली गेली, आरसीवर नाव पहिल्याचंच. अपघात झाला. न्यायालयाने सांगितलं, नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे विकणाराही अडकतो. तुम्ही उद्या तुमची बाइक विकाल तेव्हाही हे लक्षात ठेवा.

२५:३० गाडी ठेवायची कुठे?

महाडात हा प्रश्न घेण्याआधी विचारायचा. पाणी वाढायला लागलं की आपण काय करतो? गाड्या आधी उंचावर नेऊन लावतो. इंजिनवाली गाडी रात्री दोनला चावी मारून काढता येते. ट्रेलरचं तसं नाही. त्याला ओढणारी गाडी घरात हवी, चालवणारा घरात हवा आणि जोडायला वेळ हवा. गांधारी-सावित्रीच्या काठच्या घरात राहत असाल तर ट्रेलर घेऊच नका असं माझं मत आहे. किंवा उंचावर नातेवाइकाच्या वाडीत कायमची जागा बघा.

आणि फिरायला गेल्यावर रात्री उभी कुठे करणार? पावसाळ्यात नदीकाठची मोकळी जागा नको, डोंगराच्या पायथ्याला कापलेल्या कड्याखाली नको. रीलमध्ये ओढ्याशेजारची गाडी छान दिसते. पण वर सह्याद्रीत ढग फुटला तर खाली तुमच्यापर्यंत फक्त पाणी पोचतं, निरोप नाही. गावात विचारा, मंदिराच्या किंवा शाळेच्या पटांगणाशेजारी परवानगी घ्या. वरंध घाट पावसाळ्यात बंद ठेवतात, ते आदेश बघूनच निघा.

२७:४५ अमेरिकेतल्या आपल्या दोस्तासाठी

दादा, तू तिकडे जुना फिफ्थ व्हील घेत असशील तर वरचं पाण्याचं, टायरचं, गॅसचं सगळं लागू आहे. त्यात चार गोष्टी वाढव. किंग पिन झिजलीय का आणि ती जिथे बसते त्या सांगाड्याच्या वेल्डिंगला भेगा आहेत का ते बघ. छतावर चढून रबरी आवरणाचे सांधे बघ. बाहेरच्या फायबरच्या भिंतीला फुगवटा असेल तर आत पाणी गेलंय. बाहेर सरकणाऱ्या खोल्या दोन-तीनदा आत-बाहेर कर आणि त्यांच्या कडेची फरशी पायाने दाबून बघ. आणि आधी ट्रेलर, मग पिकअप असा उलटा हिशोब करू नकोस. तिकडे ढोबळ नियम असा की साध्या ट्रेलरच्या वजनाचा दहा-पंधरा टक्के भार हूकवर येतो, फिफ्थ व्हीलचा पंधरा ते पंचवीस टक्के. तो तुझ्या पिकअपला झेपतो का, ते पिकअपच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. आणि गावी येशील तेव्हा तो तिकडेच विकून ये!

२९:३० स्क्रीनशॉट काढून ठेवा

१. गाडी न बघता टोकन नाही. एक रुपयाही नाही.
२. बरोबर मेस्त्री घ्या. त्यांची मजुरी हा खर्च नाही, विमा आहे.
३. सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा.
४. गाडी पावसात बघा किंवा छतावर पाणी मारून बघा.
५. टायरचे चार आकडे वाचा.
६. सामान भरून काट्यावर वजन, मग घाटात ट्रायल.
७. गॅस आणि वायरिंग आपल्या माणसाकडून तपासा.
८. आरसीवरचा वर्ग आणि समोरची गाडी एकच आहे ना?
९. बँकेचा बोजा, चलान, विमा, फिटनेस, कर.
१०. नाव चढल्याशिवाय पहिली ट्रिप नाही.

३०:४० शेवट

तुम्ही विचाराल, आतेभावाने शेवटी काय घेतलं? अजून काही नाही. दहा हजारांचा चटका बसल्यापासून तो प्रत्येक गाडीचा सीटबेल्ट ओढतो, परवा माझ्या मामाच्या नव्या गाडीचाही ओढला. दोन गाड्या त्याने कागदावरच नाकारल्या. तिसरी बघायला आम्ही या रविवारी जातोय. हवामान खात्याने जोरदार पाऊस सांगितलाय, म्हणून मुद्दाम रविवार धरलाय. विकणारा म्हणाला, "पाऊस थांबल्यावर या ना." आतेभाऊ म्हणाला, "नाही काका, पावसातच येतो."

हा भाग गाडी घ्यायच्या विचारात असलेल्या एखाद्या मित्राला पाठवा, टोकन देण्याआधी. तुमच्याही काही गोष्टी असतील तर व्हॉइस नोट करा, पुढच्या भागात वाजवतो. काळजी घ्या, नदीचं पाणी बघायला पुलावर उभे राहू नका. भेटू पुढच्या बुधवारी. जय महाराष्ट्र!